सुई ताटावर नाही, घड्याळावर

मान वर कर आणि ऐक. पाळी बदलली हे कारण मला सांगू नकोस. उस्मानपुऱ्यातून वाळूजला ड्युटीला जाणारा तू एकटा नाहीस.

‘जेवायला बसलो की सुई घेतो,’ म्हणालास. कोणी शिकवलं हे? जेवणाआधी घ्यायचं इन्सुलिन वेगळं, ते काही तासांत संपतं. तुझ्या पेनमध्ये ग्लार्जिन आहे. कातडीखाली गेलं की त्याचे बारीक कण जमतात आणि सुमारे 24 तास हळूहळू रक्तात उतरत राहतात. तू उपाशी असलास तरी यकृत साखर सोडतंच, तिला आवरायला हे औषध आहे. तुझ्या ताटाशी त्याचा संबंध नाही.

गणित माझ्याकडेच शिकलास ना? मग मांड. दुसऱ्या पाळीत रात्री 12 ला जेवतोस, तेव्हा सुई. तिसरी पाळी लागली की सकाळी 8 ला घरी येऊन जेवतोस, तेव्हा सुई. मध्ये गेले 32 तास, त्यातले 8 तास अंगात औषधच नाही. पुन्हा पहिली पाळी लागली की सकाळी 8 ला एक सुई आणि त्याच रात्री 9 ला दुसरी. 11 तास दोन्ही डोस एकमेकांवर चढतात, आणि तू गाढ झोपलेला! पहाटे घामाने भिजून थरथरत उठलास, त्याला तू अशक्तपणा म्हणतोस? साखर उतरली होती तुझी. ती 70 च्या खाली गेली तर 3 चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. हे तुझ्या बायकोला आणि मुलांना पाठ हवं, आणि तू त्यांना सांगितलेलंसुद्धा नाहीस.

1922 साली टोरोंटोत एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी टाइप 1 मधुमेहाची पोरं अर्धपोटी ठेवूनही हातची जात. आज तुझ्याच वाळूजच्या वसाहतीत वोकहार्टच्या बायोटेक पार्कमध्ये इन्सुलिन बनतं, आणि तू त्याला अशी वागणूक देतोस!

तिन्ही पाळ्यांत तू जागा असतोस अशी वेळ मी शोधली आहे, रात्री 9. पहिल्या आणि तिसऱ्या पाळीत तेव्हा तू घरीच असतोस. दुसऱ्या पाळीत पेन डब्याबरोबर ने. मे महिन्याच्या उन्हात ते गाडीच्या डिकीत ठेवलंस तर खबरदार, चालू पेनला 30 अंशांच्या वर सोसत नाही.

पण आज रात्रीच मनाने वेळ सरकवायची नाही. तुझ्या डॉक्टरांकडे जा, नाहीतर घाटी रुग्णालयात जा. पाळ्यांचा तक्ता त्यांच्यासमोर ठेव. 9 वर कसं यायचं आणि डोस चुकला तर काय करायचं, हे त्यांच्याकडून लिहून घे. चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट, असलं काही पुन्हा कानावर येता कामा नये.

रविवारी वही घेऊन ये. सुईची वेळ आणि उपाशीपोटीची साखर, दोन्ही रकाने भरलेले हवेत.