ताटातलं तूप, बशीतलं तूप

साताऱ्यातल्या तात्या आणि आबा या शेजाऱ्यांचं तुपावरून कायम वाजायचं.

कोलेस्टेरॉल वाढल्याचं कळताच तात्यांनी तूप वर्ज्य केलं. वरणभातावरची धार बंद, पुरणपोळीही कोरडी. तेलाच्या डब्यावर मात्र ‘कोलेस्टेरॉल फ्री’ लिहिलेलं, मग भज्यांना कसली भीती? चहाबरोबर दोन्ही वेळा खारी आणि नानकटाई ठरलेली.

आबा दुसऱ्या टोकाचे. “आपले पूर्वज तूपच खायचे ना?” म्हणत ते वाटीने तूप ओतून घ्यायचे. पूर्वज दिवसभर नांगर धरायचे. आबांच्या हातात असायचा टीव्हीचा रिमोट.

पुढच्या तपासणीत दोघांचंही एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, चढलेलं निघालं. तात्या डॉक्टरीणबाईंवर उखडले. “तूप सोडलं मी, खातो हा. मग दोघांना एकच शिक्षा कशी?”

“तात्या, वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतंच. डब्यावर लिहा, नाहीतर लिहू नका,” बाई म्हणाल्या. “शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृतच बनवतं आणि रक्तातलं एलडीएल उचलतंही तेच. संपृक्त चरबी फार झाली की हे उचलणं मंदावतं. मग एलडीएल रक्तात फिरत राहतं आणि वर्षानुवर्षं धमन्यांच्या भिंतीत साठतं. बेकरीच्या मालात वनस्पती तूप असतं. त्यातली ट्रान्स फॅट तर एलडीएल वाढवून चांगलं एचडीएल घटवते. 2022 पासून तेला-तुपात तिला 2 टक्क्यांची मर्यादा आहे. पण संपृक्त चरबी उरतेच. तुम्ही ताटातलं तूप सोडलंत, बशीतलं नाही.”

आबा हसले. बाई त्यांच्याकडे वळल्या. “आबा, तुमच्या तुपात निम्म्याहून जास्त संपृक्त चरबीच आहे. चमचाभर चालेल, वाटी नाही. शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल मोजून वापरा. उसळी, पालेभाज्या, मूठभर दाणे खा. आणि दोघंही रोज चाला.”

तात्यांच्या बशीत फुटाणे आले, आबांच्या वाटीत चमचा आला. संध्याकाळी दोघं अजिंक्यताऱ्याची वाट चालू लागले. तुपावरचा वाद तिथेही चालूच राहिला. पुढच्या तपासणीत मात्र दोघांचे आकडे खाली आले.

तात्पर्य : एकाच पदार्थाला गुन्हेगार ठरवलं की बाकीचे निर्दोष सुटतात, आणि एकालाच देव मानलं की माप सुटतं. पथ्य अख्ख्या आहाराचं करावं.