पदवीधरांचा जमाखर्च

विद्यापीठातून बाहेर पडलेल्या तरुणांचे पुढे काय झाले, हा प्रश्न वरवर पाहता केवळ कुतूहलाचा वाटतो. परंतु जो समाज आपल्या उत्पन्नाचा काही अंश दरसाल उच्च शिक्षणासाठी खर्ची घालतो, त्याच्या दृष्टीने तो हिशेबाचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तर किती प्रामाणिकपणे दिले जाते याला फार महत्त्व आहे. माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरतात, महाविद्यालयांच्या स्मरणिकांत जुन्या विद्यार्थ्यांची वार्ता छापली जाते, अमुक जिल्हाधिकारी झाला, तमुक परदेशी एका मोठ्या कंपनीत वरच्या जागी पोहोचला, कोणी स्वतःचे रुग्णालय उभारले, असे वाचून त्यांच्या सोबत्यांना आणि गुरुजनांना धन्यता वाटते, आणि ती वाटावी हे सर्वस्वी योग्यच आहे. तथापि ही वार्ता संकलित करण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, ती मनुष्याचे मोल त्याच्या हुद्द्यावरून ठरवते, त्याचे खाते फार लवकर बंद करते आणि ज्यांच्याजवळ सांगण्यासारखा हुद्दा नाही त्यांना दप्तराबाहेर ठेवते. या पद्धतीचा विचार करताना आपल्याच प्रांतातील पहिल्या पिढ्यांच्या पदवीधरांकडे वळणे उपयुक्त ठरेल, कारण त्यांची आयुष्ये पूर्ण झालेली आहेत आणि त्यांचा हिशेब आज आपल्याला अखेरपर्यंत वाचता येतो.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि १८६२ साली त्याच्या बी. ए. परीक्षेतून पहिले चार पदवीधर बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघांची पदवी एक, वर्ष एक. पण पुढचे मार्ग निरनिराळे. रानडे न्यायखात्यात शिरले आणि पुणे, नाशिक, धुळे अशा बदल्यांचा प्रवास करीत १८९३ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्तीच्या आसनावर बसले; भांडारकर सिंधमधील हैदराबाद आणि रत्नागिरी येथील शाळांत शिकवून पुढे संस्कृतचे प्राध्यापक झाले आणि त्याच १८९३ साली विद्यापीठाचे कुलगुरू झाले; वागळे वकिलीत गेले; मोडकांनी शिक्षणखात्यात नोकरी केली. आजच्या स्मरणिकेत या चौघांची नोंद एवढ्या चार ओळींत संपली असती, आणि त्या चारही ओळी खऱ्या असूनही वाचकाला या पिढीविषयी जे कळायला हवे ते त्यांतून कळले नसते. कारण ज्याच्यामुळे हे चार पदवीधर महाराष्ट्राच्या इतिहासाचा भाग झाले, ते त्यांच्या सरकारी अथवा खासगी पेशाच्या पलीकडे घडत होते. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला, त्याच्या कार्याशी हे चौघेही निगडित होते. न्यायाधीश, पंडित, वकील आणि शिक्षक हे आपापले काम आटोपून एकाच चळवळीत एकत्र येत होते. रानड्यांच्या बाबतीत तर सार्वजनिक सभा, वसंत व्याख्यानमाला, सामाजिक परिषद आणि मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील त्यांचा ग्रंथ ही सर्व कामे पगारी नोकरीतून उरलेल्या वेळात झालेली आहेत. शिक्षणाने मनुष्याला काय दिले हे त्याच्या नोकरीपेक्षा त्याच्या उरलेल्या वेळात अधिक स्पष्ट दिसते, असे मला या उदाहरणावरून वाटते; आणि आपल्या वार्तापत्रांत नेमका तोच रकाना नसतो.

खाते लवकर बंद करण्याचा दोष त्याहून गंभीर आहे. गोपाळ कृष्ण गोखले आणि धोंडो केशव कर्वे हे दोघेही एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली बी. ए. झाले. पुढे टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर गणिताच्या अध्यापनाची जागा रिकामी झाली, तेव्हा गोखल्यांनीच कर्व्यांना फर्ग्युसन कॉलेजात बोलावून घेतले. समजा, १९०२ साली कोणी या दोघांची वार्ता लिहावयास घेतली असती, तर गोखल्यांच्या नावापुढे व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाचे सभासदत्व लिहिले गेले असते आणि कर्व्यांच्या नावापुढे गणिताचे अध्यापन. फार तर त्यांनी एका विधवेशी पुनर्विवाह केल्यामुळे आपल्या मुरुड गावाचा रोष ओढवून घेतला आणि कॉलेजचे तास संपवून ते हिंगण्याच्या आश्रमाकडे पायी जातात, हे कोणी कुजबुजत सांगितले असते. गोखले १९१५ च्या फेब्रुवारीत निवर्तले. महिला विद्यापीठाची स्थापना कर्व्यांनी १९१६ साली केली, तेव्हा त्यांचे वय अठ्ठावन्न वर्षांचे होते आणि पदवी घेऊन बत्तीस वर्षे लोटली होती. एका वर्गातील दोन सोबत्यांपैकी एकाचे थोर जीवन समाप्त झाल्यावर दुसऱ्याच्या सर्वांत मोठ्या कार्याला प्रारंभ झाला. आणि त्यानंतरही ते शेहेचाळीस वर्षे जगले. पदवीनंतर पाच-दहा वर्षांनी भरणाऱ्या मेळाव्यात सोबत्याची प्रगती मोजून त्याच्या आयुष्याविषयी निकाल देणाऱ्यांनी हे एक उदाहरण नीट मनन करावे.

याच्या उलट, ज्यांना काळाने पुरेसा अवधीच दिला नाही त्यांचाही विचार केला पाहिजे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतील नोकरी सोडून १८८० साली न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना केली आणि १८८२ साली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते गेले. गोपाळ गणेश आगरकरांनी एम. ए. होत असतानाच, पोटापुरत्या पैशावर समाधान मानून सारा वेळ परहितार्थ खर्च करण्याचा निश्चय आपल्या आईला कळवला होता, तो त्यांनी अक्षरशः पाळला आणि चाळिशीही न गाठता १८९५ साली देह ठेवला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पदवीधरांचे हे अकाली मृत्यू इतके डोळ्यांत भरू लागले की रानड्यांसारख्या विचारवंताने त्यांच्या कारणांची स्वतंत्र चिकित्सा केली. पदवीधरांच्या यशाची फेरिस्त तयार करण्यापेक्षा त्यांतील किती जण जगले आणि जे गेले ते का गेले, हे विचारणे या थोर पदवीधराला अधिक अगत्याचे वाटले, यात त्यांच्या मनाची खोली दिसते.

पदवीपुढे लिहिलेला हुद्दा कधीकधी सत्याला झाकूनही टाकतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई विद्यापीठाचे पदवीधर होऊन, कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१७ साली करारानुसार बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. वार्तापत्रात ही ओळ उज्ज्वल यशाची म्हणूनच छापली गेली असती. प्रत्यक्षात त्या शहरात त्यांना राहायला कोणी जागा देईना, पारशी धर्मशाळेत नाव लपवून काढलेले दिवस अपमानाने संपले, कचेरीतील शिपाई कागदपत्रे दुरून फेकत, आणि थोड्याच काळात त्यांना ती नोकरी सोडून मुंबईला परतावे लागले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झालेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्ड येथे कायद्याची परीक्षा दिली, परंतु स्त्री म्हणून त्यांना तेथील पदवी मिळायला १९२२ साल उजाडावे लागले. विवाहानंतर आडनाव बदलल्यामुळे किती विदुषी माजी विद्यार्थ्यांच्या नोंदवहीतून नाहीशा झाल्या असतील, आणि घर, लहान मुले व आजारी वडीलधारी माणसे यांच्यासाठी पदवी बाजूस ठेवलेल्या किती जणींना आपण कळवण्यासारखे काही केलेच नाही असे वाटत असेल, याचा विचार मनाला अस्वस्थ करतो.

आता मूळ हिशेबाकडे येऊ. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन सादर केले, त्यात त्यांनी सरकारला खडसावून विचारले होते की महसूल रयतेच्या श्रमातून गोळा व्हावा आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च व्हावा, हा कोणता न्याय? शिकलेल्यांकडून विद्या आपोआप खाली झिरपत जाईल ही आशा फोल आहे, आणि या शिक्षितांनी आपल्या अडाणी बांधवांना ज्ञान देण्यासाठी फारसे काही केले नाही, हा त्यांचा आरोप होता. तो आरोप सर्वच पदवीधरांवर सारखाच लागू होतो असे कोणी म्हणणार नाही. ज्यांनी पंचाहत्तर रुपयांच्या वेतनावर डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आयुष्य वेचले, किंवा केंब्रिजमध्ये १८९९ साली गणितात सर्वप्रथम येऊनही जे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे ठरल्याप्रमाणे फर्ग्युसन कॉलेजच्या सेवेत परत आले, त्यांनी आपल्या परीने त्याचे उत्तर दिले आहे. परंतु ते उत्तर एका पिढीने देऊन संपत नाही. शेतसारा, कर आणि आईबापांचा घाम यांतून जे शिक्षण मिळाले, त्याचे ऋण प्रत्येक पदवीधराच्या खात्यावर नव्याने चढते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की पोटाची व्यवस्था लागलेल्यांनीच हे तत्त्वज्ञान सांगावे. ज्याच्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेला तोच पहिला, त्याने बँकेत, शाळेत किंवा तलाठ्याच्या कामात जागा मिळवली, तर त्याचा आनंद उणा का करावा? हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांतून, कमवा आणि शिका या मार्गाने जी मुले पुढे आली, त्यांच्यापैकी एखाद्याच्या पहिल्या पगारातून धाकट्या भावाची फी भरली जाते, बहिणीचे शिक्षण पुरे होते, सावकाराचे कर्ज फिटते. हे ऋणमोचनच आहे, आणि ते मोठमोठ्या देणग्यांहून तसूभरही कमी प्रतीचे नाही. नोकरीला हीन लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. रानडे आयुष्यभर सरकारी नोकरच होते. माझी तक्रार आहे ती नोकरीचे नाव लिहून, त्या नोकरीने कोणाचे काय भले झाले हे न लिहिण्याविषयी.

आजची परिस्थिती तर या विचाराला अधिकच निकड आणणारी आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत हजारो पदवीधर स्पर्धा परीक्षांची तयारी करीत वर्षामागून वर्षे घालवतात. त्यांच्या गावी कोणी विचारले की घरचे लोक ‘प्रयत्न चालू आहेत’ एवढेच सांगून विषय बदलतात. आणि ते स्वतः जुन्या सोबत्यांच्या मेळाव्याला जाण्याचे टाळतात, कारण तेथे प्रत्येकाने उठून आपण सध्या कोठे आहोत हे सांगावयाचे असते. ज्या सभेत अपयशी सोबत्याला बसण्याची लाज वाटते, ती सभा विद्यापीठाच्या नावाने भरवण्यास योग्य नाही. विद्येच्या मंदिरात एकत्र बसलेल्यांनी निदान एकमेकांपुढे तरी यशाचा पोशाख चढवून उभे राहण्याची गरज पडू नये. वर्गातील ज्या मुलाची नोकरी गेली, ज्याचा धंदा बुडाला, जो दीर्घ आजाराने घरी आहे, त्याची खबर मंडळाला पहिल्याने असली पाहिजे. ज्याचा लौकिक झाला त्याची खबर वर्तमानपत्रे देतीलच.

म्हणून माजी विद्यार्थ्यांच्या मंडळांना माझी आग्रहाची विनंती आहे की त्यांनी आपल्या नोंदी सर्वांसाठी खुल्या कराव्यात: मृतांची स्मृती ठेवावी, स्त्रियांची विवाहापूर्वीची नावे जपावीत, गावच्या शाळेत शिकवणाऱ्याला आणि शेती पाहणाऱ्याला परदेशस्थ सोबत्याइतकीच जागा द्यावी आणि अडचणीत असलेल्याचा शोध आपण होऊन घ्यावा. आणि प्रत्येक पदवीधराला सांगणे असे की, आपली वार्ता कळवताना पदनामाखाली आणखी एक ओळ लिहावी: ज्यांच्या श्रमाने मी शिकलो त्यांच्या उपयोगी मी कशा रीतीने पडलो. ज्याला आज ती ओळ लिहिता येत नसेल त्याने खचून जाऊ नये. १८८४ सालच्या एका पदवीधराने आपले सर्वांत मोठे काम १९१६ साली हाती घेतले होते, हे ध्यानात धरून आपल्याला जमेल त्या कामाला आजच आरंभ करावा.