गोग्रासाचे पुण्य

फेब्रुवारी 2023 मध्ये कोल्हापूरनजीकच्या कणेरी मठात पंचमहाभूत लोकोत्सव चालू असता तेथील पन्नासहून अधिक गाई दगावल्या, आणि उत्सवातील शिळे अन्न त्यांच्या पोटात गेल्याचे कारण वृत्तपत्रांतून पुढे आले, तेव्हा दोष कोणाच्या माथी, या चौकशीपेक्षा एक जुनाच प्रश्न मला अधिक निकडीचा वाटला : गोग्रासाचे पुण्य देणाऱ्याच्या श्रद्धेवर ठरते, की गाईच्या पचनावर?

मका किंवा शाळू सबंध घातला तर त्यातले पुष्कळ दाणे जसेच्या तसे शेणातून बाहेर पडतात; म्हणून शेतकरी ते भरडून आंबोणात कालवतो, आणि साल फुटताच आतील पिष्टद्रव्य गाईच्या अंगी लागून दुधात उतरते. परंतु धान्य, त्यातही गहू, पिठाइतके बारीक दळून, पोळीच्या रूपाने भाजून पाटीभर पुढे ठेवले, तर कोठीपोटातील असंख्य सूक्ष्म जीव त्यावर एकदम तुटून पडतात, आम्ल झपाट्याने साचते, रवंथ थांबते आणि प्रसंगी जनावर प्राणाला मुकते. कडबा मात्र तिला तासन्‌तास चघळावा लागतो. त्या चघळण्याने दिवसाकाठी 100 लिटरांहून अधिक लाळ पोटात उतरते, आणि तिच्यातील क्षार आम्लाचा बंदोबस्त करतात.

गीतेच्या 15व्या अध्यायाप्रमाणे प्राणिमात्रांच्या देहात वैश्वानररूपाने अन्न पचविणारा भगवंतच आहे. हे ज्याला मान्य, त्याच्या दृष्टीने गाईपुढची पाटी ही आहुतीच. आणि यजमानाचा भाव कितीही निर्मळ असला तरी द्रव्य व प्रमाण यांतून त्याला सूट नाही, ही कर्मकांडाची (एरवी मला जाचक वाटणारी) शिस्त येथे सर्वस्वी सयुक्तिक आहे. 17व्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काल व पात्र यांची अट घातली आहे. आम्ही पात्राची योग्यता पारखतो, जठर पाहत नाही.

यावर कोणी शुद्ध हेतूची कैफियत मांडील. वसुबारसेला एखादा घास भरविणाऱ्या सुवासिनीला मीही अडविणार नाही, कारण त्या घासाने गाईला काही होत नाही. पण शंभर भाविकांचे शंभर निरुपद्रवी घास एकाच पोटात पडले, तर त्या अपायाचा वाटा कोणाच्या खाती घालावा? एकेकाच्या अंतःकरणाची झडती घेऊन हा हिशेब सुटत नाही. तो ठाऊक असतो गोठा सांभाळणाऱ्याला, जो नवे धान्य ओंजळीओंजळीने वाढवीत पंधरवडाभर शेणाकडे लक्ष ठेवतो. म्हणून देवळाच्या दारातील गाईपुढे ‘आज पुरे’ असे म्हणण्याचा अधिकार त्यालाच असावा, आणि त्याचा नकार भाविकाने गोसेवेतच जमा धरावा, असे माझे मत आहे.