दोन रुमालांतला एक निर्णय

२८ एप्रिल १९७१ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांचे राष्ट्रीय सुरक्षाविषयक सल्लागार हेन्री किसिंजर यांनी अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्यापुढे पूर्व पाकिस्तानच्या प्रश्नावर एक टिपण ठेवले. सरकारी टिपणांचा शिरस्ता सर्व देशांत सारखाच असतो : पर्याय तीन द्यावयाचे, पैकी दोन असे मांडावयाचे की ते वाचता वाचताच नकोसे व्हावेत, आणि हुजुरांचे बोट आपसूक तिसऱ्यावर येऊन थांबावे. किसिंजरांची शिफारसही तिसऱ्याचीच होती. पाकिस्तानचे अध्यक्ष याह्याखान यांना समजुतीने वाट दाखवीत पूर्व पाकिस्तानच्या स्वायत्ततेकडे जाणारी काही तडजोड घडवून आणावी, असा त्याचा मथितार्थ. निक्सनांनी त्यापुढे आद्याक्षरे केली, आणि कागदाच्या तळाशी स्वहस्ते एक शेरा लिहिला. याह्याखानांवर तूर्त कोणीही दाब आणू नये, अशी सर्व संबंधितांना त्यात ताकीद होती, आणि त्यातल्या नकारार्थी शब्दाखाली अध्यक्षांनी तीन वेळा रेघा ओढल्या होत्या.

या तीन रेघा ओढल्या जात होत्या, तेव्हा डाक्क्यात २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने सुरू केलेल्या कत्तलीला महिना उलटून गेला होता. तेथील अमेरिकी वाणिज्य वकिलातीचे प्रमुख आर्चर ब्लड यांनी घडत असलेल्या संहाराची खबर मार्चअखेरीसच तारेने वॉशिंग्टनला कळविली होती. आणि ६ एप्रिलला त्यांच्या वीस सहकाऱ्यांनी, स्वतःच्या सरकारचे धोरण नैतिकदृष्ट्या दिवाळखोर असल्याचे बजावणारी एक असहमतीची तार, ब्लड यांच्या पाठिंब्यासह रवाना केली होती. राजनैतिक नोकरीत वरिष्ठांची मर्जी हेच ज्यांचे भांडवल, अशा माणसांनी हे करावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. ब्लड यांची डाक्क्याहून उचलबांगडी झाली, आणि पुढील काही वर्षे त्यांच्या कारकिर्दीला बढतीची वाट जवळजवळ बंदच राहिली.

आता प्रश्न असा, की अध्यक्षांनी हा शेरा का लिहिला? टिपण वरपासून खालपर्यंत वाचले, तरी त्याचे उत्तर मिळत नाही. कारण ते त्या दप्तरात नाहीच. ते निराळ्या रुमालात बांधलेले आहे. आदल्याच दिवशी, म्हणजे २७ एप्रिलला, पाकिस्तानचे वकील आगा हिलाली यांनी व्हाइट हाउसमध्ये येऊन किसिंजरांच्या हाती चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांचा निरोप दिला होता. अमेरिकेच्या खास दूताचे, किंबहुना खुद्द अध्यक्षांचे, पेकिंगमध्ये स्वागत होईल, असा तो निरोप होता. वीस वर्षांचा अबोला सुटण्याची घडी जवळ आली होती आणि त्या बोलण्यातला मध्यस्थ याह्याखान होते. जुलैमध्ये किसिंजर रावळपिंडीत पोटदुखीचे निमित्त करून अंतर्धान पावले आणि पेकिंगला प्रकटले, ती हकिगत आता सर्वश्रुत आहे. परंतु एप्रिलमध्ये ही गोष्ट परराष्ट्रखात्यातल्या बहुतेकांपासून, आणि डाक्क्यातून तारा पाठविणाऱ्या ब्लड यांच्यापासून तर निश्चितच, लपविलेली होती. आपण कोणत्या भिंतीवर डोके आपटीत आहोत, हे त्या वीस माणसांना कळण्याचा मार्गच नव्हता.

अमेरिकी परराष्ट्रखाते आपल्या कागदपत्रांची जी ग्रंथमाला १८६१ पासून, म्हणजे लिंकनच्या कारकिर्दीपासून, छापीत आले आहे, तीत दक्षिण आशियाच्या १९७१ च्या पेचप्रसंगाचा खंड २००५ मध्ये निघाला आणि चीनविषयक खंड २००६ मध्ये. दोन्ही खंड शेजारी उघडे ठेवून तारखा जुळवीत बसणाऱ्या वाचकालाच त्या तीन रेघांचा अर्थ लागतो. दप्तर म्हणजे सत्याची खाण, अशी जी एक भाबडी समजूत आपल्याकडे पेशवे दप्तराच्या बाबतीत पूर्वी होती आणि आता परदेशी अभिलेखागारांच्या बाबतीत आहे, तिच्यावर एवढे एक उदाहरण पुरे व्हावे. दप्तरात निर्णय असतो. निर्णयाचे कारण पुष्कळदा दुसऱ्याच दप्तरात असते, आणि ती दोन दप्तरे वेगळी राहावीत, अशी तजवीज निर्णय घेणारानेच करून ठेवलेली असते.

तथापि चीनची मध्यस्थी हे सर्वच गोष्टींचे उत्तर मानणे म्हणजे किसिंजरांचा वकीलनामा घेण्यासारखे होईल. १९७९ मध्ये त्यांनी आपल्या व्हाइट हाउसमधील वर्षांच्या आठवणींचा जो जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातले एक प्रदीर्घ प्रकरण याच प्रसंगाला वाहिलेले आहे, आणि ते उत्तम बखरकाराच्या हातोटीने लिहिलेले आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी बखरींविषयी जो अविश्वास आम्हांला शिकविला, त्याची आठवण येथे व्हावी. फरक एवढाच, की आमचे बखरकार बहुधा अस्सल कागद न पाहता लिहीत, तर या बखरकाराने कागदांच्या पेटीची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवून लिहिले. आपल्या दूरध्वनीवरील संभाषणांची ते चिटणिसांकरवी टाचणे करवून घेत असत. अधिकारपद सोडताना ती हजारो पृष्ठे त्यांनी खासगी मालमत्ता म्हणून बरोबर नेली आणि अनेक अटी घालून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या स्वाधीन केली. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने फैसला दिला. पुढे नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह या बिनसरकारी संस्थेने फिर्यादीचा धाक घातला, तेव्हा कोठे त्यांच्या प्रती सरकारदरबारी परत आल्या. २००४ मध्ये त्यांतली सुमारे वीस हजार पृष्ठे खुली झाली.

त्यांच्या बखरीतला युक्तिवाद तपासून पाहावा. जुलैच्या भेटीनंतर पेकिंगशी बोलण्यासाठी याह्याखानांची गरज उरली नव्हती. पॅरिसमधून सरळ संधान बांधले गेले होते. मग टपाल पोहोचविणाराचे काम संपल्यावरही पाकिस्तानकडचा कल कमी न होता नोव्हेंबर-डिसेंबरात उलट वाढतच का गेला? किसिंजर म्हणतात, जुन्या मित्राला आपण टाकून देत नाही, हे चीनला दिसावे म्हणून. आणि भारत पश्चिम पाकिस्तानचेही तुकडे करील, या भीतीने. या दुसऱ्या भीतीला आधार होता, हे मात्र नाकारता येत नाही. ७ डिसेंबरचा एक गुप्तवार्ता-अहवाल त्यांच्या हाती आला होता, आणि त्यात पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधींच्या मनातल्या युद्धोद्दिष्टांत पाकिस्तानचे लष्करी बळ मोडून काढणे व पाकव्याप्त काश्मीरचा काही भाग घेणे ही उद्दिष्टेही नमूद होती. छापील खंडात तो अहवाल आहे, परंतु खबर देणारा कोण, ते झाकलेले आहे. या झाकलेल्या जागेने आपल्या सार्वजनिक जीवनात जेवढा धुरळा उडविला, तेवढा त्या खंडातल्या उघड्या मजकुराने उडविला नसेल. एकेकाळी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असलेल्या मोरारजी देसाईंवर सेमूर हर्श यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात अमेरिकेला खबरा पुरविल्याचा आरोप केला. वास्तविक मोरारजी १९६९ मध्येच मंत्रिमंडळाबाहेर पडले होते. त्यांनी अमेरिकेत अब्रुनुकसानीची फिर्याद लावली, किसिंजरांनी जबानीत आरोपाचा इन्कार केला, आणि तरीही १९८९ मध्ये शिकागोच्या ज्यूरीने निकाल लेखकाच्या बाजूने दिला. ज्या कागदाने आरोप खरा किंवा खोटा ठरला असता, तो कागद न्यायासनापुढे आला नाही, आणि नव्वदी ओलांडलेल्या एका माणसाचे निर्दोषत्व अमेरिकी कायद्यातील प्रमाणभाराच्या काट्यावर तोलले गेले.

परंतु बखरीचे खरे पितळ उघडे पाडले, ते फितींनी. फेब्रुवारी १९७१ मध्ये निक्सनांनी आपल्या कचेरीत ध्वनिमुद्रणाची यंत्रे बसवून घेतली : अध्यक्षांच्या मेजात पाच ध्वनिग्राहक, शेकोटीजवळच्या भिंतीवरच्या दिव्यांत दोन, आणि तळघरात अतिमंद गतीने फिरणारी पातळ फीत. कोणी बोलू लागले की यंत्र आपोआप सुरू होई. मोजक्या चार-दोन माणसांखेरीज ही गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती, किसिंजरांनाही नाही. म्हणजे जे गृहस्थ दुसऱ्यांची भाषणे त्यांच्या नकळत उतरवून घेत होते, त्यांचेच शब्द त्यांच्या नकळत कोणी तरी उतरवून घेत होता. उद्देश होता अचूक नोंद राहावी, आणि उद्या आठवणी लिहिताना धन्याला ती उपयोगी पडावी, हा. आपल्यानंतर आपली बाजू मांडण्यासाठी या थोर मुत्सद्द्याने जो साक्षीदार पाळला, त्यानेच त्याला पदच्युत केले, हे सर्वांना माहीत आहे. जुलै १९७३ मध्ये अलेक्झांडर बटरफील्ड यांनी सिनेटच्या समितीपुढे फितींचे अस्तित्व सांगितले, २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या हजर करण्याचा एकमुखी हुकूम दिला, आणि पुढच्या पंधरवड्याच्या सुमारास निक्सन गेले.

त्या फितींपैकी ५ नोव्हेंबर १९७१ च्या सकाळची फीत आपल्या दृष्टीने महत्त्वाची. आदल्या दिवशी श्रीमती गांधी व्हाइट हाउसमध्ये येऊन गेल्या होत्या. त्या भेटीचे टंकलिखित वृत्त वाचावे, तर सभ्यतेचा नमुना : दोन्ही बाजूंचे मुद्दे, आदराचे शब्द, शांततेची काळजी. दुसऱ्या दिवशी निक्सन, किसिंजर आणि अध्यक्षांचे कर्मचारीप्रमुख हाल्डमन बोलू लागले, तेव्हा पाहुणीचा उल्लेख ज्या शब्दांनी झाला, ते शब्द घरंदाज माणसाने बंद दाराआडही उच्चारू नयेत असे आहेत. भारतीयांच्या संबंधाने सामान्यतः जे बोलले गेले, ते तर वंशद्वेषाच्या हद्दीत सरळसरळ मोडते. २००५ मध्ये हे छापून आले, तेव्हा आपल्या वृत्तपत्रांनी त्यांतल्या शिव्या तेवढ्या ठळक अक्षरांत दिल्या, आणि किसिंजरांनी खेद व्यक्त केला. मला त्या शिव्यांपेक्षा दुसरी गोष्ट अधिक चिंतनीय वाटते. एकाच भेटीची दोन अस्सल साधने आहेत, दोन्ही समकालीन, दोन्ही सरकारी. त्यांतले फक्त पहिलेच उरले असते, तर कोणताही चोख इतिहासकार त्यावर विसंबून निक्सनांच्या सौजन्याविषयी निःशंकपणे लिहून गेला असता. आणि बहुतेक राज्यकर्त्यांच्या बाबतीत आपल्या हाती फक्त पहिलेच साधन उरलेले आहे. जॉर्डनमार्फत पाकिस्तानला लढाऊ विमाने पोहोचविण्याची मसलत कायद्याविरुद्ध आहे, याची निक्सन व किसिंजर या दोघांना पुरती जाणीव होती, हेही ध्वनिमुद्रणांच्या व टाचणांच्या साक्षीनेच आपल्याला कळते. खलबतात ज्याला धोरण म्हणावे, त्यात किती अंश हिशेबाचा आणि किती अंश रागाचा असतो, याचे माप घेण्याचे दुसरे साधन जगाच्या इतिहासात फारसे कोठे नाही.

हे साधन उरले, ते कोणाच्या उदारतेने नव्हे. सप्टेंबर १९७४ मध्ये निक्सनांनी नव्या राजवटीतल्या अधिकाऱ्यांशी करार करून, ठरलेल्या मुदतीनंतर, किंवा त्यांच्या मृत्यूनंतर, फिती नष्ट करण्याची सोय करून घेतली होती. अध्यक्षाचे कागद म्हणजे अध्यक्षाची खासगत, ही वॉशिंग्टनपासूनची वहिवाट त्यांच्या पाठीशी होती. लिंकनचे कागद त्याच्या मुलाने असेच अडवून ठेवले, आणि ते १९४७ साली खुले झाले. काँग्रेसने डिसेंबर १९७४ मध्ये कायदा करून सुमारे ४ कोटी २० लाख पृष्ठे आणि सर्व फिती सरकारजमा केल्या. निक्सन न्यायालयात गेले, १९७७ मध्ये हरले. १९७८ च्या कायद्याने १९८१ नंतरच्या सर्व अध्यक्षांचे कागद राष्ट्राच्या मालकीचे ठरले. तरी फिती तळघरातच पडून राहिल्या, आणि स्टॅन्ली कटलर नावाच्या इतिहासाच्या प्राध्यापकाने १९९२ मध्ये फिर्याद लावून १९९६ मध्ये तडजोड होईपर्यंत त्यांचा मोठा भाग कोणाला ऐकता आला नाही. सुमारे ३,७०० तासांपैकी ३,००० तासांच्या आसपास आता खुले आहेत. जप्ती, फिर्याद, तडजोड, पुन्हा फिर्याद : उघड्या अभिलेखागाराचा हा खरा इतिहास आहे, आणि त्याला लोकशाहीची थोरवी म्हणावयाचे असेल, तर ती थोरवी राज्यकर्त्यांची नव्हे, त्यांना कोर्टात खेचणाऱ्यांची, एवढे तरी मान्य करावे.

आपल्याकडचे काय? शिमग्याला दुसऱ्याच्या नावाने बोंब मारणे सोपे असते. १९९३ च्या आपल्या सार्वजनिक अभिलेख कायद्याखालील नियमांनी पंचवीस वर्षांनंतर कागद राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जावेत, असे म्हटले आहे खरे. परंतु कोणता कागद जावा, हे ज्या खात्याचा तो कागद आहे, त्यानेच ठरवावयाचे. १९७१ च्या युद्धाचा संरक्षण मंत्रालयाने लिहून घेतलेला अधिकृत इतिहास दप्तरात पडून होता, तो २००० मध्ये एका वृत्तपत्राकरवी बाहेर फुटला. त्याच वर्षी पाकिस्तानच्या पराभवाची चौकशी करणाऱ्या हमूदुर रहमान आयोगाच्या अहवालातील भाग आपल्याच एका नियतकालिकाने छापले आणि मग पाकिस्तान सरकारला तो खुला करणे भाग पडले. म्हणजे पराभूताचे दप्तर विजेत्याच्या दप्तरापेक्षा आधी उघडले. २०१० मध्ये तर पूर्व विभागाच्या लष्करी मुख्यालयातील त्या युद्धाचे कागदच नष्ट करण्यात आल्याचे वृत्त आले. ज्या विजयाचा आपण दर डिसेंबरात उत्सव करतो, त्याच्या मूळ कागदांची ही अवस्था.

परिणाम असा झाला आहे, की श्रीमती गांधींच्या मंत्रिमंडळात त्या दिवसांत काय खलबत झाले, त्याचा सर्वांत तपशीलवार छापील पुरावा म्हणून भारतीय अभ्यासकाला वर सांगितलेल्या त्या अमेरिकी हेराच्या अहवालाकडे वळावे लागते. आपल्या पंतप्रधानांचे मनोगत, नाव झाकलेल्या एका माणसाच्या तोंडून, परक्या भाषेत, शत्रुभावाने वाचले गेलेले. दुसरी बाजू थोडीफार कळते, ती त्यांचे प्रमुख सचिव परमेश्वर नारायण हक्सर यांच्या तीनमूर्ती भवनातल्या कागदांवरून. श्रीनाथ राघवन यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांचा चांगला उपयोग केला. ते कागद उपलब्ध आहेत, याचे कारण ते हक्सरांनी खासगी संग्रह म्हणून ठेवून दिले. कागद नोकराने घरी नेण्याच्या ज्या वहिवाटीवर अमेरिकेच्या काँग्रेसने घाव घातला, नेमक्या त्याच वहिवाटीच्या कृपेने आपल्याला १९७१ चा आपला इतिहास थोडासा वाचता येतो. त्याच पेटीत काय नाही, आणि हक्सरांनी ते का ठेवले नाही, हे विचारण्यासाठी शेजारी उघडून ठेवावा, असा दुसरा रुमाल दिल्लीत अद्याप कोणी सोडलेला नाही.