भिंतीवरची मिस्सा

अंथरुणाला खिळलेल्या संत क्लारेला नाताळच्या रात्री भिंतीवर मिस्सा दिसली, अशी परंपरा आहे. म्हणूनच पोप बारावे पायस ह्यांनी तिला दूरचित्रवाणीची आश्रयदात्री ठरविले. २०२० च्या टाळेबंदीत तशीच मिस्सा आपल्या घराघरांत उतरली. आज डोलवीच्या पोलाद कारखान्यात पाळीवर गेलेला नातूही गावच्या चर्चमधील आजीचा अंत्यविधी फोनवर पाहू शकतो. उपकारच म्हणायचे! परंतु मागच्या बाकावरून रिमोटने कॅमेरा फिरविणाऱ्या तरुणाने रडणाऱ्या आजोबांचा चेहरा जवळ आणावा काय? नातवाला तो पाहावासा वाटेल. पण आजोबा देवापुढे रडत आहेत, जगापुढे नव्हे. मला वाटते, कॅमेरा वेदीवर आणि शवपेटीवरच राहू द्यावा. आजोबांची विचारपूस नातवाने घरी येऊन करावी.