जमिनीखालचं जंगल

मृगाआधी वळवाच्या एक-दोन सरी झाल्या की कल्याण स्टेशनाबाहेर शेवळांच्या जुड्या दिसू लागतात. शहापूर-मुरबाडकडच्या ठाकर, कातकरी बायका त्या घेऊन येतात. गुलाबी-तपकिरी सोटे, शेजारी हिरव्या काकडांचे वाटे. नवखं गिऱ्हाईक काकडं नको म्हणालं की बाई दटावते, "घे गं, नायतर घसा धरंल."

बाईचं खरं असतं. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात; काकडाच्या किंवा चिंचेच्या आंबटाने ती खाज मारावी लागते. हाताला तेल लावून वरचं साल काढायचं, आतला पिवळा भाग टाकायचा, मग बारीक चिरायचं. सीकेपी घरांत त्यात कोलंबी किंवा खिमा पडतो आणि कौतुक सुगरणीचं होतं. काकड कुठल्या झाडाचं, शेवळं कुठल्या उतारावर, हे ठाऊक असलेली बाई मात्र पाच-दहा रुपयांच्या घासाघिशीत अडकलेली असते.

शेवळं म्हणजे सुरणाच्या भाऊबंदांतलं फूल. याच गोतावळ्यातला टायटन अरम सुमात्राच्या वर्षावनात दहा फुटांपर्यंत वाढतो. १८८९ साली तो लंडनच्या क्यू उद्यानात फुलला, आणि आजही कुठल्या उद्यानात फुलला की बघायला रांगा लागतात. पश्चिम भारताबाहेर न सापडणारं आपलं शेवळं आपण जुडीने विकत घेतो, तेही भाव पाडून.

वर्षावनात बारा महिने ओल असते. ठाण्याच्या डोंगरांत पाऊस भरपूर, पण तो सारा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने तग धरायचा तर जमिनीखाली जावं लागतं. म्हणून शेवळं, लोत, फोडशी या रानभाज्या आपली पुंजी कंदांत-मुळांत ठेवतात. एप्रिलमध्ये तो उतार पाहणाऱ्याला उजाड माळच दिसणार. सरकारी डोळ्याला तर हमखास. तिथे काही नाही असं ठरतं आणि खड्डे खणायला माणसं येतात. २०१९ साली राज्याने ३३ कोटी रोपं लावायचा संकल्प सोडला होता. हेतूबद्दल शंका नाही, पण जंगल म्हणजे झाडांची संख्या, हा हिशेबच मुळात शहरी आहे.

फूल खुडलं तरी कंद मरत नाही. पुढे त्याला पान येतं. एका रानातली सगळीच फुलं खुडली तर बी धरणार नाही, हा धोका आहेच, आणि शहराची मागणी तो वाढवते. पण जेसीबीने उतार सपाट केला की कंदही गेला. टिटवाळा, बदलापूर, मुरबाड रस्ता, सगळीकडे हे चालू आहे. डोंबिवलीत नळाला येणारं बारवी धरणाचं पाणी याच रानांतून झिरपून येतं, हे आपल्या लक्षातही नसतं.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजात कंदमुळंही धरली आहेत, म्हणजे या बायकांचा हक्क कागदावर आहे. तेव्हा वनखात्याने आणि वृक्षारोपणाला निघणाऱ्या उत्साही मंडळींनी एवढं करावं: पाड्यावरच्या बायकांना विचारल्याशिवाय आणि जूनमध्ये त्यांच्याबरोबर तो उतार चालून पाहिल्याशिवाय तिथे कुदळ मारू नये.