बंड्या नऊ महिन्यांचा झालाय

चि. छकुलीस,


तुझं पत्र दोनदा वाचलं. बंड्यानं तुझी प्रयोगवही फाडली, रस्त्यात दुसरं कुत्रं दिसताच हिसका देऊन तुला पाडलं, गुडघा फुटला. आणि आता बाबा म्हणतात, देऊन टाकू कुणाला तरी. तू विचारतेस, "तो मुद्दाम करतो का गं आजी? आधी तर 'बस' म्हटलं की बसायचा."

मुद्दाम नाही गं, बाळा. त्याचं वयच तसं आहे. इंग्लंडमधल्या न्यूकासल विद्यापीठाच्या संशोधकांनी बंड्यासारखे लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर तपासले आणि २०२० मध्ये ते प्रसिद्ध केलं. पाचव्या महिन्यात शहाण्यासारखं वागणारं पिल्लू आठव्या महिन्यात आपल्याच माणसाचं 'बस' कानाआड करतं, परक्याचं मात्र ऐकतं! हे दिवस सरतात. नेमक्या याच दिवसांत कितीतरी कुत्र्यांचं घर सुटतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि तोंडात धरणं हा तर त्याचा पिढीजात धंदा. त्याचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांच्या हाताखाली राबायचे. गार पाण्यात उडी मारून सुटलेले मासे, जाळ्याचे दोर ओढून आणायचे. तुझ्याकडे त्याला काहीच काम नाही, म्हणून वही. रोज त्याला काहीतरी आणायला लाव. चेंडू, चप्पल, सकाळचा पेपर.

आमचा मोतीही लॅब्राडोरच, चौतीस किलोचा. त्याची भूक कधी भागायचीच नाही. सुमारे चारातल्या एका लॅब्राडोरच्या जनुकातला एक तुकडा गळालेला असतो, त्यामुळे त्याला दोन जेवणांच्या मधेही भूक लागत राहते, हे मला फार उशिरा कळलं. सत्यनारायणाच्या दिवशी मी शिऱ्याचं पातेलं ओट्याच्या कडेला ठेवून आरतीला गेले. परत आले तर पातेलं लख्ख, आणि मोतीच्या मिशीला एक बेदाणा चिकटलेला. बेदाण्यानं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. डॉक्टरांनी लगेच उलटी करवली म्हणून तो वाचला. चूक माझी होती, त्याची नव्हे. तेव्हा बेदाणे, द्राक्षं, कांदा, चॉकलेट तुमच्याकडे वरच्या फळीवर जाऊ देत, आजच.

मारू मात्र नका. एकदा आजोबांनी पेपरची सुरळी करून मोतीला फटका दिला. चार दिवस तो हाक मारली की पलंगाखाली जायचा, शेपटी पायात घालून. आजोबा जमिनीवर पालथे पडून हात पुढे करायचे, तो वास घ्यायचा आणि मागे सरायचा. ते चार दिवस आजोबा नीट जेवले नाहीत.

फिरवताना दोरी ताणली की जागच्या जागी उभी राहा. ओरडू नकोस, ओढू नकोस. ढिली पडली की चाल. सुरुवातीला दहा पावलांना पंधरा मिनिटं लागतील. छातीशी कडी असलेला पट्टा घे, आणि तुझ्या गुडघ्याची खपली पडेपर्यंत दोरी बाबांच्या हातात असू दे. त्यांनाही त्याची सवय होऊ दे.

दिवाळीत त्याला इकडेच घेऊन या. फटाक्यांचा आवाज आमच्या मागच्या खोलीत कमी येतो. मोतीची जुनी गोधडी धुऊन वाळत घातली आहे.

तुझी,
आजी